मसाला लावून मुरवलेल्या मांसाच्या कॅलरी घरच्या घरी कशा काढाव्यात

अर्धा किलो चिकनला दही, तेल आणि मसाला चोळून ते भाजले, तर त्याच्या कॅलरी किती झाल्या, या प्रश्नाची घरोघरी दोन उत्तरे दिली जातात आणि दोन्ही चुकतात. पहिल्या उत्तरात फक्त चिकन धरले जाते आणि मसाला किरकोळ समजून सोडून दिला जातो. दुसऱ्या उत्तरात पातेल्यात घातलेला प्रत्येक जिन्नस बेरजेत येतो, मग त्यातला बराचसा भाग पातेल्याच्या तळाशी राहून धुण्याच्या पाण्याबरोबर निघून गेला असला तरी. खरा आकडा या दोन्हींच्या मध्ये कुठेतरी असतो, आणि तो काढायला एक वजनकाटा आणि तेच पातेले दोनदा तोलण्याची तयारी एवढेच लागते.

मी स्वतः बरेच दिवस मोबाइलमधल्या नोंदवहीत ‘चिकन, १०० ग्रॅमला १६५ कॅलरी’ हा आकडा घेऊन त्याला कच्च्या मांसाच्या वजनाने गुणत होतो. हा आकडा शिजवलेल्या, बिनकातडीच्या छातीच्या मांसाचा आहे. मी तो कच्च्या मांडीच्या मांसाला लावत होतो आणि मसाल्यातले तेल मोजतच नव्हतो. एका चुकीने बेरीज वाढत होती आणि दुसरीने घटत होती, त्यामुळे उत्तर योगायोगाने खऱ्याच्या जवळपास येत असे आणि चूक लक्षात येत नसे. तेलाचे प्रमाण बदलले, की हा योगायोग मोडतो.

आधी ठरवायची गोष्ट

हिशोबाला बसण्यापूर्वी एकच प्रश्न विचारावा: मांस ज्या मिश्रणात मुरले, ते मिश्रण पुढे शिजवण्याच्या भांड्यात जाणार आहे की नाही? गोव्याच्या विंदालूत व्हिनेगर आणि मसाल्याच्या वाटणासकट मांस शिजते, कोल्हापुरी मटणाला आले-लसूण आणि हळद-मीठ लावून ते त्यासकटच पातेल्यात जाते, घरच्या रश्श्यातही दह्यात मुरवलेले चिकन दह्यासकट फोडणीत पडते. अशा पदार्थांत काहीही वाया जात नाही, म्हणून सगळ्या जिन्नसांची सरळ बेरीज करावी आणि एकूण वजनाने भागावे. पुढची उस्तवार करण्याची गरज नाही. पदार्थ सळईवर, जाळीवर, तव्यावर, अवनमध्ये किंवा एअर फ्रायरमध्ये भाजायचा असेल आणि तुकडे मिश्रणातून उचलून घ्यायचे असतील, तरच मागे काय राहिले हे मोजावे लागते. इथून पुढचे बहुतेक लेखन अशा भाजायच्या पदार्थांविषयी आहे.

काटा, तेल आणि पळी

एक ग्रॅमपर्यंत वजन दाखवणारा, पाच किलोपर्यंत पेलणारा साधा डिजिटल काटा पुरेसा आहे. मसाल्यासाठी वेगळा नाजूक काटा घेण्याची गरज नाही, कारण मसाल्यातल्या चुकीने उत्तर फारसे हलत नाही. उत्तर हलते ते तेलामुळे. प्रथिने आणि कर्बोदके यांच्या एका ग्रॅममधून सुमारे ४ कॅलरी मिळतात, तर स्निग्ध पदार्थाच्या एका ग्रॅममधून ९. हे ढोबळ गुणक अमेरिकन रसायनशास्त्रज्ञ विल्बर ॲटवॉटर यांच्या एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस केलेल्या कामातून आले आणि आजही वेष्टनांवरचे आकडे बहुतांशी त्यांच्याच आधारे काढले जातात. (आपण बोलताना जिला कॅलरी म्हणतो, ती शास्त्राच्या भाषेत किलोकॅलरी असते, या लेखातही तोच अर्थ घ्यावा.) पंधरा मिलिलिटरचा एक मोठा चमचा तेल म्हणजे साधारण साडेतेरा ग्रॅम आणि १२० कॅलरी. मग ते तेल शेंगदाण्याचे असो, सूर्यफुलाचे असो की ऑलिव्हचे. या बाबतीत महागड्या तेलाला कोणतीही सवलत नाही.

प्रत्येक घरातली पळी वेगळी असते आणि ती भरणारा हातही वेगळा असतो, म्हणून ‘दोन पळ्या तेल’ या मापावर हिशोब उभा करू नये. सोपा उपाय असा, की तेलाची बरणीच काट्यावर ठेवून आकडा शून्यावर आणावा, लागेल तेवढे तेल काढून घ्यावे आणि बरणी परत काट्यावर ठेवावी. उणे चिन्हासह जो आकडा दिसतो, तेवढे ग्रॅम तेल आपण घेतले. दह्याच्या भांड्याचे आणि आले-लसणाच्या वाटणाचेही असेच करता येते, आणि वाट्या-चमचे खरकटे होत नाहीत हा वरचा फायदा.

आकडे कुठून घ्यावेत

हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २०१७ साली भारतीय अन्नपदार्थांच्या घटकांचे तक्ते प्रसिद्ध केले आहेत आणि आपल्याकडच्या जिन्नसांसाठी तेच पाहणे योग्य ठरते. मात्र त्यांत ऊर्जा किलोज्यूलमध्ये दिलेली आहे. तो आकडा ४.१८४ ने भागला की आपली ओळखीची कॅलरी मिळते. म्हणजे ५०० किलोज्यूल म्हणजे सुमारे १२० कॅलरी. हे न पाहता तक्त्यातला आकडा तसाच उचलला, तर अर्धा किलो चिकन दोन किलोचे ठरेल.

रोजच्या कामासाठी १०० ग्रॅमचे पुढील ढोबळ आकडे हाताशी ठेवले तरी चालते. कातडी काढलेल्या चिकनच्या कच्च्या छातीच्या मांसात ११० ते १२०, मांडीच्या मांसात १२० च्या आसपास आणि कातडीसकट मांडीत २२० च्या आसपास कॅलरी असतात. आपल्याकडच्या दुकानांत चिकन बहुधा सोलूनच मिळते, पण परदेशात राहणाऱ्यांनी कातडीचा हा फरक विसरू नये. अमेरिकेतल्या पाकिटांवर मांसात मिठाचे पाणी भरल्याची टक्केवारी छापलेली असते, तीही पाहावी, कारण तेवढे वजन नुसत्या पाण्याचे असते. टोन्ड दुधाच्या दह्यात ६० च्या आसपास आणि म्हशीच्या दुधाच्या दह्यात १०० च्या आसपास कॅलरी असतात. आले-लसणाच्या वाटणाच्या १०० धराव्यात. तिखट, धणे-जिरे, हळद, गरम मसाला या सगळ्या कोरड्या पुडींना मिळून ३०० हा एकच आकडा लावावा. लिंबाचा रस, व्हिनेगर, कोकमाचे आगळ आणि मांस मऊ व्हावे म्हणून लावलेली कच्ची पपई यांच्या कॅलरी इतक्या कमी असतात, की त्या मोजत बसण्यात वेळ घालवू नये. मिठाच्या शून्य असतात, पण मिठाचे वजन मिश्रणाच्या वजनात मात्र धरावे लागते.

एक प्रत्यक्ष हिशोब

बिनहाडाचे, बिनकातडीचे मांडीचे मांस ५०० ग्रॅम घेतले, असे धरू. मिश्रणात टोन्ड दुधाचे दही १२० ग्रॅम, तेल २७ ग्रॅम, आले-लसणाचे वाटण ३० ग्रॅम, सगळ्या कोरड्या पुडी मिळून १८ ग्रॅम, लिंबाचा रस १५ ग्रॅम आणि मीठ ८ ग्रॅम आहे. मिश्रणाचे वजन २१८ ग्रॅम झाले. कॅलरी अनुक्रमे ७२, २४३, ३०, ५४, ४ आणि शून्य, म्हणजे एकूण ४०३. वजनाने आठवा हिस्साही नसलेल्या तेलाने साठ टक्के कॅलरी आणल्या, हे इथे पाहण्यासारखे आहे. ४०३ ला २१८ ने भागले, की मिश्रणाच्या दर ग्रॅमला १.८५ कॅलरी हा आपला दर मिळतो.

ज्या पातेल्यात मुरवायचे, त्याचे रिकामे वजन आधीच लिहून ठेवावे. मी ते खडूने पातेल्याच्या बुडाशी लिहितो. मांस मुरले की तुकडे एकेक करून उचलावे, जादा मिश्रण नेहमीप्रमाणे पातेल्यात निथळू द्यावे आणि मग पातेले परत तोलावे. आपल्या उदाहरणात तळाशी ५८ ग्रॅम मिश्रण उरले, म्हणजे तुकड्यांबरोबर १६० ग्रॅम गेले आणि त्याच्या १.८५ या दराने २९६ कॅलरी झाल्या. मांसाच्या ६०० मिळवल्या की सळईवर चढले ते ८९६ कॅलरींचे आणि ६६० ग्रॅम वजनाचे.

उरलेल्या मिश्रणाकडे नीट पाहण्याची सवय लावून घ्यावी, कारण दोन प्रकारे ते फसवते. मीठ मांसातले पाणी ओढून घेते, त्यामुळे बराच वेळ मुरवलेल्या मांसाखाली उरलेले मिश्रण मूळच्यापेक्षा पातळ असते. त्यात पाणीच जास्त असल्याने त्याला पूर्ण दर लावला, तर आपण वाया गेलेल्या कॅलरी जास्त धरतो आणि ताटातल्या कमी. मिश्रण स्पष्टपणे पाणीदार दिसत असेल, तर उरलेल्या वजनाला निम्मा दर लावावा, असा माझा रिवाज आहे. तो शास्त्रशुद्ध नाही, पण चूक कमी करतो. याउलट दही नसलेल्या, नुसत्या तेल-व्हिनेगरच्या मिश्रणात तेल वेगळे होऊन वर येते. दह्यात आणि वाटणात तेल धरून राहते, तसे इथे होत नाही, म्हणून उरलेले मिश्रण एका उभट पेल्यात ओतून दहा मिनिटे तसेच ठेवावे, वरचे तेल चमच्याने काढून वेगळे तोलावे आणि त्याला ९ चा दर लावावा. उरलेले मिश्रण भाजताना ब्रशने परत तुकड्यांवर लावायचे असेल, तर पातेले तुकडे उचलल्यावर न तोलता अगदी शेवटी तोलावे. कच्च्या मांसाखालचे हे मिश्रण नीट शिजल्याशिवाय पोटात जाणार नाही, याची काळजी अर्थातच घ्यावी.

रात्रभर मुरवले म्हणजे कॅलरी वाढतात, असा एक समज आहे. स्नायूंच्या मांसात तीन चतुर्थांशाच्या आसपास पाणी असते आणि तेल त्यात शिरत नाही. मीठ हळूहळू आत जाते, बाकीचा मसाला आणि तेल पृष्ठभागावरच्या पातळ थरात राहते. म्हणून दोन तास ठेवलेल्या आणि रात्रभर ठेवलेल्या चिकनमधला फरक चवीत आणि मऊपणात दिसेल, कॅलरीत जवळपास नाही. फरक पडतो तो तुकड्यांच्या आकाराने. त्याच अर्ध्या किलोचे लहान तुकडे केले, तर मसाला धरायला पृष्ठभाग जास्त मिळतो. तंगडीला खोल चिरा दिल्या, तर त्या चिरांमध्ये दही भरून बसते. मिश्रण किती घट्ट आहे यानेही बराच फरक पडतो: चक्का वापरून केलेले मिश्रण तुकड्याला जाडसर चिकटते, तर पातळ दह्याचे ओघळून जाते.

चक्क्याचा हिशोब अनेकांना अवघड वाटतो, पण तो तसा नाही. २०० ग्रॅम दही टांगून ११० ग्रॅम चक्का झाला, तर चक्क्याचा वेगळा आकडा शोधत बसू नये. २०० ग्रॅम दह्याच्या १२० कॅलरींतून गळून गेलेल्या ९० ग्रॅम निवळीच्या साधारण २० वजा कराव्यात आणि उरलेल्या १०० चक्क्याच्या धराव्यात. मलईच्या कबाबासारख्या पदार्थांत मात्र खरी भर काजू आणि साय घालतात. वीस ग्रॅम काजूंच्या ११० च्या वर आणि पंचवीस टक्के स्निग्धांशाच्या ५० ग्रॅम क्रीमच्या १२० च्या आसपास कॅलरी होतात, त्यामुळे तेलाचा एक थेंबही न घालता हे मिश्रण वरच्या उदाहरणातल्या मिश्रणाच्या पुढे जाऊ शकते. पांढरे दिसते म्हणून ते हलके नसते.

भाजल्यानंतर

मांस भाजताना पाणी उडून जाते आणि वजन घटते. पाण्याला कॅलरी नसल्याने पदार्थातल्या एकूण कॅलरी त्यामुळे कमी होत नाहीत, फक्त दर शंभर ग्रॅमचा आकडा वाढतो. म्हणून कच्च्या वजनाला कच्चा आकडा आणि शिजलेल्या वजनाला शिजलेला आकडा, हे पथ्य पाळावे. माझे मत असे, की तक्त्यांतले शिजलेल्या मांसाचे आकडे घरच्या हिशोबात वापरूच नयेत, कारण आपल्या अवनमध्ये किती पाणी उडाले, ते तक्त्याला माहीत नसते. कच्च्यावरून एकूण बेरीज काढावी आणि शेवटी शिजलेल्या वजनाने भागावे.

आपल्या उदाहरणात भाजताना वरून १० ग्रॅम लोणी लावले, म्हणजे ७२ कॅलरी वाढून ९६८ झाल्या. खालच्या ट्रेमध्ये रस आणि तेल गळाले असेल, तर ते एका वाटीत ओतावे, फ्रिजमध्ये ठेवावे आणि वर जमलेला तेलाचा थर काढून तोलावा. तो ६ ग्रॅम भरला, तर ५४ वजा करून ९१४ राहिल्या. त्या रसात थोडी प्रथिनेही जातात, पण ती मोजण्याच्या भानगडीत पडू नये. तोच रस पोळी बुडवून कोणी खाल्ला, तर वजाबाकी अर्थातच रद्द. शिजलेल्या तुकड्यांचे वजन ४८० ग्रॅम भरले, म्हणून दर १०० ग्रॅमला १९० कॅलरी झाल्या. सुरुवातीच्या दोन उत्तरांशी ताडून पाहिले तर पहिल्याचे ६०० आले असते, म्हणजे तिसरा हिस्सा गायब. दुसऱ्याचे १०७५, म्हणजे सुमारे १६० जास्त.

घरात चौघे जेवणारे असतील, तर प्रत्येकाने ताटात घेताना तुकडे तोलावेत, असे सुचवून पाहिल्यास काय ऐकावे लागते हे मला ठाऊक आहे. ज्याला हिशोब हवा आहे, त्याने फक्त आपला वाटा तोलावा. १५० ग्रॅम घेतले तर २८५ कॅलरी.

हाडे, चरबी आणि तळण

हाडासकट मांसात एक पायरी वाढते. दुकानातून आणलेल्या किलोभर चिकनमधली हाडे कच्ची असताना वेगळी करता येत नाहीत, म्हणून जेवण झाल्यावर सगळ्यांच्या ताटांतली हाडे एका ताटलीत गोळा करून तोलावीत आणि तेवढे वजन कच्च्या वजनातून वजा करावे. किलोमागे पाव किलो ते तीनशे ग्रॅम हाडे निघणे नेहमीचेच आहे. शिजल्यावर हाडाचे वजन थोडे घटते, त्यामुळे हे उत्तर थोडे चढे येते, पण पुढच्या वेळी त्याच दुकानाच्या त्याच प्रकारच्या तुकड्यांना तेच प्रमाण लावता येते आणि ताटे गोळा करण्याचा कार्यक्रम पुन्हा करावा लागत नाही. भाजलेल्या तंगडीच्या शंभर ग्रॅमचा आकडा काढतानाही भागाकार हाडाशिवायच्या वजनाने करावा.

बोकडाच्या मटणात खरा गोंधळ चरबीचा असतो. निव्वळ लाल मांस चिकनच्या मांडीइतकेच हलके असते, १०० ग्रॅमला साधारण ११० ते १३०. पण सीना आणि चाप यांबरोबर जी पांढरी चरबी येते, तिच्या दहा ग्रॅमच्या ७० च्या आसपास कॅलरी होतात. म्हणून ‘मटण’ असा एकच आकडा न शोधता दिसणारी चरबी सुरीने काढून वेगळी तोलावी. तिच्यातली चवीपुरती परत घालायची असेल तर घालावी, पण वजन करून. खिमा घ्यायचा असल्यास मांस आधी दाखवायला सांगून चरबी काढून घ्यावी आणि मगच खिमा करायला द्यावा, कारण एकदा खिमा झाला, की त्यात किती चरबी गेली हे डोळ्यांनी कळत नाही.

मसाला लावून, वर रवा किंवा तांदळाचे पीठ लावून तळलेल्या पदार्थांची गोष्ट वेगळी आहे. चिकनचे तुकडे असोत की सुरमईची तुकडी, आगळ आणि तिखट-हळदीच्या लेपाला कॅलरी नावापुरत्याच असतात. मोजायचे ते पीठ आणि तेल. रवा किंवा पीठ ताटलीत घेऊन ती ताटली आधी आणि नंतर तोलावी. जेवढे कमी झाले, तेवढ्याला १०० ग्रॅममागे ३६० कॅलरी. तव्याचेही तसेच: तेलासकट थंड तवा आधी तोलावा, तळण संपून तवा निवला की परत तोलावा, आणि मध्ये घातलेले तेल पहिल्या वजनात मिळवावे. माशातले पाणी वाफ होऊन जाते, तव्यात राहत नाही, त्यामुळे तव्याचे घटलेले वजन म्हणजे जवळपास तुकड्यांनी प्यायलेले तेलच. तळाशी रव्याचे कण राहिले असतील, तर हे उत्तर थोडे कमी येते. तुकड्या कागदावर ठेवून निथळल्यास कागदाचे वाढलेले वजन वजा करावे. त्यात कधी चार ग्रॅम तेल निघते, कधी एकही नाही.

हा सगळा खटाटोप दर वेळी करायचा नसतो. एकाच पाककृतीसाठी तो तीनदा करावा आणि ‘१०० ग्रॅम मांसाला इतके ग्रॅम मिश्रण चिकटते’ हे प्रमाण काढून ठेवावे. वरच्या उदाहरणात ते ३२ ग्रॅम आले आहे. तिन्ही वेळचे आकडे पाच-सहा ग्रॅमच्या आत असतील, तर पुढे फक्त तेल मोजले तरी पुरते. ते दूरदूर असतील, तर बहुधा दह्याचा पातळपणा किंवा तुकड्यांचा आकार दर वेळी बदलत असतो आणि तो आधी सारखा करावा लागतो. उरलेले तुकडे डब्यात भरून ठेवताना मी झाकणावर चिकटपट्टी लावून शंभर ग्रॅमचा आकडा लिहितो, आणि दुसऱ्या दिवशी ते तव्यावर परतताना घातलेले तेल त्याच पट्टीवर खाली वेगळे मांडतो.